जे शोधलेच नाही, ते पाण्यात नाही?

‘पाणी पिण्यास योग्य आहे.’ या चार शब्दांच्या शिक्क्यावर आपला फार विश्वास आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर, शाळेच्या ऑफिसात, मशिदीच्या वुजूखान्याशेजारी बसवलेल्या कूलरच्या वर तो कागद लॅमिनेट करून लावलेला असतो. सहसा कोणी तो वाचत नाही. वाचला तर एवढे लक्षात येईल की पाण्यात काय काय शोधले याची ती यादी आहे. यादीत जे नाही, त्याच्याबद्दल तो कागद एक अक्षरही बोलत नाही.

माझा पेशा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे प्रोग्रॅमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या दिसल्या की नवा मुलगा खूश होतो आणि अनुभवी माणूस विचारतो, टेस्ट लिहिल्यात कोणकोणत्या? हाच प्रश्न पाण्याच्या अहवालाला विचारायची वेळ आली आहे. विशेषतः ज्या वस्त्या कारखान्यांना, गाळ्यांना, भंगाराच्या गोदामांना लागून आहेत आणि बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर जगतात, त्यांनी तर तो विचारलाच पाहिजे. आपल्यापैकी किती जण अशा वस्त्यांत राहतात, हे मी सांगायला नको.

ज्या विषाबद्दल लिहितो आहे त्याचे नाव ट्रायक्लोरोइथिलीन, थोडक्यात टीसीई. पाण्यासारखे स्वच्छ दिसते, वास किंचित गोडसर. तेल, ग्रीस, मेण क्षणात विरघळवते. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, प्लेटिंगच्या आधी धातू साफ करायला, बेअरिंग धुवायला ते वापरतात. त्याचेच भावंड परक्लोरोइथिलीन हे ड्रायक्लीनिंगमध्ये असते. कामगार सहसा ही नावे घेत नाहीत, ते नुसते ‘केमिकल’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली टीसीईला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. सर्वात पक्का पुरावा मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या वापरावर बंदीचा नियम काढला.

आता आपल्याकडचे बघा. भारतात पिण्याच्या पाण्याचे मानक म्हणजे आयएस १०५००, सध्याची आवृत्ती २०१२ ची. त्यात शिसे आहे, पारा आहे, आर्सेनिक आहे, फ्लोराइड, नायट्रेट, कीटकनाशके, जंतू, सगळे आहे. वाईट मानक आहे असे मी म्हणत नाही. पण त्या यादीत टीसीई नाही. परक्लोरोइथिलीन नाही. १,४-डायऑक्सेन नाही. अमेरिकेत टीसीईची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आधी २० होते, ते आता ८ मायक्रोग्रॅमवर आणले आहे. आपल्याकडे आकडाच नाही. म्हणजे तुमच्या बोअरमध्ये लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम टीसीई असले तरी प्रयोगशाळा पूर्ण प्रामाणिकपणे ‘पिण्यास योग्य’ लिहून देऊ शकते. कोणी लाच खाल्लेली नाही, कोणी आकडे फिरवलेले नाहीत. शोधलेच नाही, एवढेच.

पाच मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे जरा हिशेबाने पाहू. टीसीई पाण्यापेक्षा जड, एक लिटरचे वजन साधारण १ किलो ४६० ग्रॅम. हे एक लिटर पाण्यात समान मिसळले, तर अमेरिकन मर्यादेपर्यंत २९ कोटी लिटर पाणी बिघडते. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजा: २९ हजार टँकर. जमिनीत ते असे समान मिसळत नाही, आणि तीच खरी अडचण आहे. जड असल्यामुळे ते भूजलाच्या वर न तरंगता खाली खाली जाते, खडकाच्या भेगांत जाऊन बसते आणि तिथून वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते. ज्याने ओतले तो गाळा बंद होतो, तिथे इमारत उभी राहते, इमारतीला बोअर मारली जाते. पाणी नितळ येते. टीडीएसचा पेनसारखा मीटर बुडवला तर आकडा छान दाखवतो, कारण तो मीटर क्षार मोजतो आणि टीसीई क्षार नाही. जिभेला चव लागत नाही, आणि नाकाला वास येण्याइतके प्रमाण होईपर्यंत मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते.

हे सगळे परदेशातले असते तर मी एवढे लिहिले नसते. भोपाळ आठवा. भोपाळ म्हटले की आपल्याला २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र आठवते, वायू आठवतो. पाणी आठवत नाही. त्या कारखान्याच्या आवारात आणि मागच्या तळ्यांमध्ये वर्षानुवर्षे टाकलेला रासायनिक कचरा जमिनीत मुरत होता आणि भिंतीला लागून असलेल्या वस्त्या हातपंपाचे पाणी पीत होत्या. १९९९ मध्ये ग्रीनपीसने तिथल्या पाण्याचे नमुने परदेशी प्रयोगशाळेत तपासले. त्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आणि टीसीई सापडले. टीसीई अमेरिकन मर्यादेच्या पन्नास पटींच्या आसपास होते. दुर्घटनेला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतरही लोकांना नळासाठी मोर्चे काढावे लागले. या वस्त्यांमधली माणसे कोण होती? मजूर, विडी कामगार, हातगाडीवाले, मुसलमान आणि दलित. वायूचे बळी म्हणून ज्यांच्यासाठी देशभर हळहळ झाली, त्यांच्यातलेच लोक दीड दशक दुसरे विष रोज पीत राहिले. पाण्यात नेमके काय शोधायचे, हा प्रश्न लावून धरणारे तेव्हा मूठभरच होते.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या बोअरचे पाणी तपासायला दिले. प्रयोगशाळेचा मुलगा आला, त्याने प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरले, चौथ्या दिवशी अहवाल दिला. सगळे ठीक. मी फोन करून विचारले, यात सॉल्व्हंट का नाहीत? पलीकडच्या साहेबांनी शांतपणे सांगितले, ‘‘वो तो आयएस में आता ही नहीं। आप को करना है तो अलग से बोलना पड़ेगा, लेकिन कोई करवाता नहीं।’’ मला त्या माणसाचा राग आला नाही. तो खरे बोलत होता. ‘कोई करवाता नहीं’ या तीन शब्दांचा मात्र राग आला, कारण ते आपल्याबद्दल होते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. आयएस १०५०० मध्ये ट्रायहॅलोमिथेन नावाचा गट आहे. पाण्यात क्लोरीन टाकल्यावर सेंद्रिय घाणीशी त्याची क्रिया होऊन हे पदार्थ तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यातलाच, मर्यादा लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम. ही चाचणी गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्रावर होते. टीसीईसुद्धा त्याच प्रकारच्या यंत्रावर सापडते. म्हणजे ज्या प्रयोगशाळेला मानकातली ही चाचणी नीट करता येते, तिच्याकडे टीसीई शोधण्याच्या यंत्रणेचा बराचसा भाग आधीच आहे. ‘आपल्याकडे सोयच नाही’ हे कारण त्यामुळे अर्धेमुर्धेच खरे आहे.

नेमके हेच यंत्र आणि हीच चाचणी अमेरिकेतल्या कॅम्प लजून या नौसैनिक तळावर १९८० साली लावली गेली. नॉर्थ कॅरोलायनामधल्या या तळावर सैनिक कुटुंबांसह राहत. नवा नियम आला म्हणून ट्रायहॅलोमिथेन तपासायला नमुने पाठवले, तर कागदावर नको तिथे शिखरे उमटू लागली. वेगळेच काहीतरी मोजणीत अडथळा आणत होते. लष्करी प्रयोगशाळेने अहवालाच्या कागदावर हाताने तसे लिहून पाठवले. १९८१ च्या एका नोंदीत तर ‘सॉल्व्हंट’ या शब्दापुढे उद्गारचिन्ह आहे. १९८२ मध्ये खासगी प्रयोगशाळेने नावासकट सांगितले की पाण्यात टीसीई आणि परक्लोरोइथिलीन आहे. तळावरच्या एका भागातल्या पाण्यात त्या वर्षी लिटरमागे १,४०० मायक्रोग्रॅम टीसीई सापडले. विहिरी बंद व्हायला सुरुवात झाली १९८४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. भोपाळमध्ये वायू सुटला तोच हिवाळा.

जेरी एन्समिंगर नावाच्या निवृत्त सैनिकाची मुलगी जेनी १९८५ मध्ये नवव्या वर्षी ल्युकेमियाने गेली. पाण्यातल्या विषाची बातमी त्याला कळली १९९७ मध्ये, आणि तीही टीव्हीवरून. पुढे त्याने आणि त्याच्यासारख्यांनी जुने कागद शोधून काढले आणि सरकारला पिच्छा पुरवला. ऑगस्ट २०२२ मध्ये या तळावरच्या लोकांना नुकसानभरपाईचा दावा करू देणारा कायदा झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तळावर राहिलेल्या सैनिकांमध्ये पार्किन्सनचे प्रमाण दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या तळावरच्या सैनिकांपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त आढळले. चाळीस वर्षांनी हे सिद्ध करता आले, याला १९८०-८२ चे ते आकडे मोठा आधार ठरले. ज्यांनी दडपले, त्यांच्या फायलींतच ते पडून होते. आपल्या बोअरबद्दल उद्या कोणाला काही सिद्ध करायचे झाले, तर दडपलेला कागदसुद्धा नसेल.

‘मानकच नाही, मग आकडा घेऊन करायचे काय?’ असे मला एका सुशिक्षित मित्राने विचारले. त्याला एवढेच म्हणायचे आहे की मानके आकाशातून पडत नाहीत. लोकांनी आकडे समोर ठेवले की मानके होतात. आज अहवालात ‘आढळले नाही’ आले तर उत्तम, पाच वर्षांनी तुलना करायला पाया मिळाला. आढळले तर ८ आणि ५ हे दोन आकडे जगाने मोजूनमापून ठरवलेले आहेतच.

दुसरे उत्तर नेहमीचे, ‘आम्ही उकळून पितो’, ‘आमच्याकडे आरओ आहे’. उकळल्यावर टीसीई पाण्यातून बरेच कमी होते, खरे आहे. पण जाते कुठे? ते ८७ अंशांना उकळते आणि तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीतल्या हवेत येते. जिथे बाई स्वयंपाक करते आणि बाळ झोपते, त्याच हवेत. गरम पाण्याने आंघोळ करतानाही ते श्वासातून आत जाते. आरओच्या पडद्याचे म्हणाल तर या लहान रेणूसाठी त्याच्या भरवशावर राहता येत नाही. जे काम होते ते त्याच्या आधीच्या कोळशाच्या फिल्टरने, आणि कोळसा भरला की तोही सोडून देतो. दोन-दोन वर्षे फिल्टर न बदलणारी घरे मी पाहिली आहेत, मशिदीही पाहिल्या आहेत. १,४-डायऑक्सेन तर याहून चिवट. जुन्या काळी एका सॉल्व्हंटमध्ये ते टिकाऊपणासाठी मिसळत. ते पाण्यात पूर्ण विरघळते, उकळून जात नाही, कोळशालाही फारसे चिकटत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०२० मध्ये त्याची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठरवली.

आता जी गोष्ट बोलायला आपल्याला अवघड जाते तिच्याकडे येतो. चौथा आक्षेप मला कोणी उघड सांगितला नाही, पण नजरेत दिसला. पाणी तपासले आणि त्यात काही निघाले, तर बोट कोणाकडे जाईल? दरवेळी ते एमआयडीसीतल्या बड्या कंपनीकडे जाणार नाही. कधी ते आपल्याच गल्लीतल्या गाळ्याकडे जाईल. प्लेटिंगवाला आपला, ड्रम धुणारा आपला, भंगारवाला तर आपलाच. कारखान्यातून आलेले रिकामे ड्रम धुऊन विकण्याचा धंदा आपल्या कितीतरी वस्त्यांत आहे. ते धुतलेले पाणी गटारात किंवा सरळ मातीत जाते. आणि तेच निळे ड्रम दोन-तीनशे रुपये देऊन आपल्याच घरात पाणी साठवायला येतात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले सॉल्व्हंट घातक कचऱ्यात मोडते, आणि घातक रसायनांचे रिकामे पिंपही. हे त्या ड्रम धुणाऱ्या पोराला कोणी सांगितलेले नाही. नाकाला रुमाल बांधून तो दिवसभर वाफेत उभा असतो. सर्वात आधी मरणार तो.

कार्बन टेट्राक्लोराइड पूर्वी धातू साफ करायला आणि कपड्यांवरचे तेलाचे डाग काढायला सर्रास वापरत. ओझोन थराच्या कराराप्रमाणे भारताने १ जानेवारी २०१० पर्यंत तो वापर बंद केला. चांगलेच झाले. पण त्याच्या जागी जे पर्याय आले त्यांत टीसीईसुद्धा होते. ओझोन वाचला, आणि गाळ्यातल्या माणसाच्या हातात दुसरा डबा आला. तो डबा संपल्यावर तळाचा गाळ कुठे ओतायचा, हे कोणी सांगितले नाही. लहान धंदेवाल्याला गुन्हेगार ठरवायचे मला मुळीच नाही. वापरलेले सॉल्व्हंट गोळा करण्याची व्यवस्था एकट्या गाळेवाल्याला परवडत नाही. वीस-तीस गाळ्यांनी मिळून करार केला, तर परवडण्याचा विचार तरी करता येईल. तो करार घडवून आणणे हे संघटनांचे काम आहे. पण ‘आपली बदनामी होईल’, ‘भाडी पडतील’, ‘नगरसेवक नाराज होईल’ या भीतीने आपण पाणीच तपासायचे नाही, याला मी बिरादरीवरचे प्रेम म्हणणार नाही. आपल्याच मुलांना अंधारात ठेवणे झाले ते.

आणि सवाबाचे काय? आई-वडिलांच्या नावाने वॉटर कूलर बसवणे आपल्याकडे फार मोठे पुण्य मानतात, रास्तच आहे. कूलरवर नाव कोरले जाते, फोटो निघतात. त्या कूलरला पाणी कुठल्या बोअरचे येते, ती बोअर कोणाच्या शेजारी आहे, हे विचारणारा दाता मला अजून भेटलेला नाही. माझी सूचना साधी आहे: यापुढे कूलर देणाऱ्याने सॉल्व्हंटच्या चाचणीचेही पैसे द्यावेत, आणि विश्वस्तांनी त्याशिवाय कूलर घेऊ नये. कबरस्तानच्या भिंतीसाठी आपण वॉर्ड ऑफिसात दहा खेपा घालतो. एक खेप पाण्यासाठीही घालता येईल.

प्रत्यक्ष कसे करायचे ते लिहून ठेवतो, कारण चुकीचा नमुना घेतला तर पैसे पाण्यातच. धरणातून येणाऱ्या पालिकेच्या पाण्यापासून सुरुवात करू नका, धोका बोअरचा आणि बोअरवर भरणाऱ्या टँकरचा जास्त आहे. प्रयोगशाळेला ‘व्हीओसी’ म्हणजे हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायने तपासायची आहेत, असे सांगा. एनएबीएलची मान्यता त्यांना नेमक्या कोणत्या चाचण्यांसाठी आहे, ती यादी मागा. टीसीई आणि परक्लोरोइथिलीन नावाने असले पाहिजेत, आणि किती मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता येते तेही विचारा. पन्नासच्या खाली मोजताच येत नसेल, तर ती चाचणी कामाची नाही. प्लास्टिकची बाटली घेऊन कोणी आला तर परत पाठवा. लागतात त्या चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, त्याही काठोकाठ भरलेल्या, आत हवेचा एकही बुडबुडा नको. बुडबुड्यात टीसीई निघून जाते आणि अहवाल स्वच्छ येतो. आधी पंप चालवून साचलेले पाणी जाऊ द्या, मग संथ धारेने भरा. पाण्यात क्लोरीन टाकलेले असेल तर आधी सांगा, कुपीत वेगळे औषध घालावे लागते. बर्फात ठेवून लगेच पोहोचवा. डायऑक्सेन हवे असेल तर स्वतंत्र सांगा, त्याला वेगळी पद्धत लागते. खर्च नेहमीच्या चाचणीपेक्षा जास्त येतो, म्हणून घराघराने करू नका. एका गल्लीतल्या चार बोअरपैकी जी गाळ्यांच्या सर्वात जवळ आणि सर्वात खोल आहे, ती निवडा.

सोबत माहिती अधिकाराचा एक अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयात, एक महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात टाका. विचारायचे एवढेच: आमच्या प्रभागातल्या भूजलाचे नमुने मागील पाच वर्षांत कोणत्या तारखांना, कुठे घेतले, त्यांत टीसीई, परक्लोरोइथिलीन व इतर उडणारी सेंद्रिय रसायने तपासली का, तपासली असल्यास आकड्यांच्या प्रती द्याव्यात, नसल्यास तपासण्याचा निर्णय कोणत्या पातळीवर होतो, ते कळवावे. कायद्याच्या कलम २ (जे) प्रमाणे नागरिकाला साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो पालिकेच्या टँकर भरण्याच्या ठिकाणच्या पाण्यासाठी मागून बघा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस, अर्ज मराठीत चालतो.